माझा हात त्याने वर धरला

त्याने माझं मनगट धरलं आणि हात सगळ्या हॉलला दाखवला. नखांत पिवळा रंग होता. कितीही घासलं तरी निघत नाय तो.

पेणमध्ये बारावीवाल्यांसाठी प्रवेश मार्गदर्शन शिबिर होतं. सीईटीचा निकाल लागलेला. क्लासवाल्या सराने विचारलं, कोणाला काय व्हायचंय? मी उठून म्हणाले, कॉम्प्युटर इंजिनिअर. मला स्टेजवर बोलावलं. वाटलं, मार्क विचारेल. विचारलं काय, तर वडील काय करतात. मी सांगितलं, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात, मीपण तिथे मूर्तीचे डोळे आखते.

मग हे मनगट.

"बघा, या हातांत पिढीजात कला आहे. आणि ही कॉम्प्युटरच्या मागे धावतेय. पालकहो, ट्रेंडच्या नादी लागू नका. झेपेल ते करा. रोह्याच्या कंपन्यांत पॅकिंगला मुली लागतात. नोकरीही होते, कलाही टिकते."

टाळ्या पडल्या. माझ्या बाबांनीपण वाजवल्या. शिसारी आली मला. त्या टाळ्यांची, त्या सेंट मारलेल्या हाताची.

पहिल्या रांगेत त्याची पोरगी बसलेली, माझ्याच वर्गातली. मार्क माझ्यापेक्षा कमी. तिचं पुण्याला मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर ठरलं होतं, तिनेच मला सांगितलेलं. झेपेल ते कर, असं तिला कोणी सांगितलं नाय.

घरी बाबा म्हणाले, "गो, शिकलेला माणूस हाय तो. वाईट कशाला सांगंल?"

"त्याने माझे मार्क विचारले काय, बाबा?"

दुसऱ्या दिवशी बाबा प्रवेशाचा फॉर्म भरायला सायबर कॅफेत माझ्या बाजूला बसून राहिले. पसंतीक्रमात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शाखा टाकली. कॉम्प्युटर.

पहिल्या राउंडला नंबर लागला नाय. दुसऱ्याची वाट बघत होते, तेवढ्यात हाच सर कारखान्यात आला, घरचा गणपती घ्यायला. मला ओळखलंन. कारखान्याच्या शेठला म्हणतो, "डोळे हिच्याच हातून हवेत. कला सोडू नकोस, मीच सांगितलं होतं. ऐकलं पोरीने."

ऐकलं म्हणे.

शेठने मूर्ती माझ्यापुढे ठेवली. मी ब्रश पाण्यात टाकला.

"हे डोळे मी आखणार नाय."

"का गो?" शेठने विचारलं.

"यांनी भर हॉलमध्ये माझा हात दाखवला. मार्क नाय विचारले. आता विचारा, सर."

सर हसला. आतापण विचारले नाय. शेठने मला उद्यापासून येऊ नको सांगितलं, ऐन सीझनला. बाबा मागे रंग कालवत होते. त्यांनी मान वर केली नाय. त्यांना तिथेच काम करायचं होतं.

दुसऱ्या राउंडला लागेल, नाय तर तिसऱ्याला. तेपण नाय, तर परत सीईटी देईन. पॅकिंगला जाणार नाय. आणि पुढल्या शिबिराला त्याच हॉलच्या दारात उभी राहणार. आत जाणाऱ्या एकेका पोरीला सांगणार. पसंती तुझी तू भर. बाप काय करतो विचारलं, तर मार्क सांग. मनगट धरलं, तर झटकून टाक.