सातव्या भागाचा लेखक

लेखकाचं नाव पडद्यावर कुठे येतं हे मी मालिकेचे आधीचे सहा भाग बघून पाठ करून ठेवलं होतं. खाली, उजवीकडे, यानाच्या शेपटीजवळ. म्हणून सातव्या भागाच्या संध्याकाळी दुबईत अल कुसैसच्या आमच्या हॉलमध्ये तीन कुटुंबं बसवली आणि टीव्हीच्या काचेवर आधीच बोट टेकवून उभा राहिलो. बोटाखाली नाव उमटलं. मी म्हटलं, "हे बघा." सगळ्यांनी बघितलं.

आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट यू."

नाव मालिकेच्या स्क्रिप्ट एडिटरचं होतं. बोट तेवढं माझं होतं.

ही नव्वदीच्या शेवटची गोष्ट. मी जबल अलीत एका गोदामाचा स्टोअरकीपर. इथे आल्यावर मला जुन्या परदेशी अंतराळ मालिकांचं वेड लागलं. पुठ्ठ्याचे खडक, दोरीवर लटकणारं यान, सगळं गोड वाटायचं. पण माझा जीव शेवटच्या नावांच्या यादीत. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची. मला वाटायचं, दोघं मित्र असतील.

शारजात एक छोटा स्टुडिओ सॅटेलाइट चॅनेलसाठी तशीच मालिका हिंदीत काढत होता. ओळखीतून मला त्यातला सातवा भाग लिहायला मिळाला. कंपनीच्या बसमध्ये, जाता-येता, मांडीवर वही ठेवून मी तो लिहिला. मंगळावर कामाला गेलेले मजूर, घरी फोन करायला त्यांची लांबलचक रांग, आणि आवाज पृथ्वीवर पोचायला लागणारी बारा मिनिटं. माझं अक्षर बसमध्येच काय, टेबलावरही कुणाला लागत नाही. त्यामुळे बायकोने सगळं सुवाच्य उतरवून काढलं. ते वाचताना एका पानावर मी थबकलो आणि म्हणालो, "छान लिहिलंय हं मी." ती पोळ्या लाटत होती. लाटलेली पोळी तिने तव्यावर टाकली.

मग बदल सुरू झाले. स्टुडिओची पद्धत अशी, की बदललेलं पान गुलाबी कागदावर टाइप होऊन यायचं. आपलं जुनं तेवढं पांढरं. "हबीबी, छोटे-मोटे चेंजेस हैं," एडिटर म्हणाला. पहिल्या फेरीत मजुरांचे शास्त्रज्ञ झाले. मजूर कोण बघणार? दुसऱ्या फेरीत रांग गेली आणि एक हिरवा राक्षस आला. प्रत्येक वेळी मी "यस सर" म्हणालो, वर चहा पिऊन आलो. शेवटी सगळा गठ्ठा गुलाबी आणि त्यात एकच पान पांढरं, बायकोच्या अक्षरातलं. तरी मी तीन कुटुंबांना बोलावलं, त्यातलं एक तर अजमानहून.

तर बोट काढून मी खाली बसलो. राक्षस आला, गेला. मग ते पांढरं पान आलं. शास्त्रज्ञ फोनवर विचारतो, "माँ, खाना खाया?" आणि उत्तराची वाट बघत बसून राहतो. खूप वेळाने आवाज येतो, "खाया था बेटा. अब तो बर्तन भी मंज गए."

शेजारच्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी घाईघाईने सांगितलं, "हे माझं. एवढं माझंच आहे." त्या म्हणाल्या, "हो का?" आणि माझ्या बोटाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी एडिटरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "पुराने स्पेस सीरियल्स में भी यही होता था, हबीबी. जिसके पन्ने ज़्यादा, उसका नाम. खलास." म्हणजे ते दोघं मित्र नव्हते.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहून बोलतच होतो. त्या माणसाला एक धड वाक्य लिहिता येत नाही. अख्ख्या भागात लोकांच्या लक्षात राहील असं एकच वाक्य, आणि त्याच्यावर नाव कुणाचं? ज्याने लिहिलं त्याला साधं विचारलंसुद्धा नाही. लाज कशी वाटत नाही, म्हणालो, दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर खपवायला?

बायको लसूण सोलत होती. पाकळ्या वाटीत टाकून तिने हात पुसले.

"सांगलीला आईला फोन करून आले त्या दिवशी घातलं होतं ते वाक्य मी, उतरवून काढताना," ती म्हणाली. "तुमच्या वहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, छान लिहिलंय मी. म्हटलं, राहू दे, नाव घरातच राहतंय. आता तेही नाही."