वारुळात पुरलेल्या तीन फळ्या

गोदाक्का लाकूड चाखून बघायच्या. हो, चाखूनच! वखारीत उभ्या राहून ढलपी तोंडात घालायच्या, चघळायच्या आणि थुंकून म्हणायच्या, "गोड आहे गे. वाळवीची मेजवानी."

साठ साल उजाडायच्या सुमाराला मद्रासमध्ये, मांबळमला, त्या आमच्या शेजारीण. तंजावरकडच्या मराठी, नवरा गेल्यावर शाळेत शिकवून एकट्या राहणाऱ्या. आम्ही साताऱ्याचे, यांची रेल्वेत कारकुनी. गल्लीतली आपली पोरं खेळताना भांडायचीसुद्धा तमिळमध्ये! त्यांना मराठी वाचता यावं म्हणून अक्कांनी पुण्याहून एकेक करून गोष्टींची पुस्तकं मागवली होती. एका पावसाळ्यात वाळवीनं त्यातली निम्मी खाल्ली. माझी कुसुम तर रडून रडून बेजार. अक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, "उरलेल्यांना कपाट करीन. निळं-पिवळं रंगवीन. ह्या खेपेला मी हरणार नाही."

आसारी, म्हणजे आमचा सुतार, म्हणाला, "अम्मा, रंगच द्यायचाय ना? मग आंब्याचं घ्या. रंगाखाली लाकूड कोण बघतंय?"

"वाळवी बघते."

सागवान परवडणारं नव्हतं. मग अक्कांनी आंबा, खोक्यांचं हलकं देवदार आणि कडुनिंब अशा तीन फळ्या घेतल्या आणि निघाल्या मागच्या वारुळात पुरायला. आता ते वारूळ पूजेचं! शुक्रवारी बायका तिथे हळद लावून दूध ठेवायच्या. समोरच्या कामाक्षीअम्मा धावत आल्या. "अय्यो! नागराजाचं घर ते!"

अक्कांनी वारुळाला हात जोडले, तीन प्रदक्षिणा घातल्या, मग पदर खोचला. "घर बांधलं वाळवीनं. नागराजा बिऱ्हाडकरू. मी मालकिणीकडे आले आहे." कामाक्षीअम्मांना हसू आवरेना.

दोन महिन्यांनी उकरलं. देवदार पोकळ, आंब्याची चाळण, कडुनिंब जसाच्या तसा. पण वखारीतला कडुनिंब निघाला ओला. ओल्यावर रंग टिकत नाही म्हणून अक्कांनी फळ्या ओसरीवर सुकत टाकल्या, त्या वर्षभर!

"अक्का, तोवर पोरं मोठी होतील हो."

"दुसरी येतील की गे. पोरांचा काय दुष्काळ पडला?"

कपाट झालं ते बरोब्बर कुसुमच्या उंचीचं. आसारी म्हणाला, अजून एक कप्पा चढवू, मोठ्यांचीही पुस्तकं मावतील. "नको," अक्का म्हणाल्या, "वर मोठ्यांचं ठेवलं की खाली पोरांना गप्प बसवतात."

काही वर्षांनी अक्का गेल्या. घर आवरायला मीच होते. पलंगाखाली त्यांच्या नवऱ्याच्या पोथ्यांची पेटी सापडली. आंब्याची. झाकण उचललं, तर आत नुसती वाळवीची माती. लाकूड जिभेवर ओळखणाऱ्या बाईला हे ठाऊक नसेल? असणारच. पण होता तेवढा कडुनिंब त्यांनी पोरांच्या पुस्तकांना दिला.

बाहेर कपाटापुढे गल्लीतली एक नवी पोर फतकल मारून वाचत होती. जोडाक्षराशी अडखळली, पुन्हा मागे गेली, पुन्हा अडखळली. मी झाकण लावलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.