समोरच्या अंगणात उभी सोनाली

सोनाली मैदानात परत आली आणि थेट समोरच्या संघाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. लोक हसले. समोरच्या कॅप्टननं तिचा हात धरून तिला मधल्या रेषेपर्यंत आणून सोडलं. मी खुर्चीतून उठले आणि पंचांना सामना थांबवायला सांगितलं.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर होते. कारखान्याच्या वर्धापनदिनाला शाळकरी मुलींचे कबड्डीचे सामने व्हायचे आणि माझी ड्युटी मैदानाशेजारी असायची. त्या वर्षी दुष्काळ होता. कबड्डीचं मातीचं मैदान आदल्या दिवशी पाणी मारून मऊ करतात. आमच्याकडे टँकर यायचा तो ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांना, म्हणजे कोप्यांना, आणि बैलांना पुरता पुरत नव्हता. मैदानावर थेंबही सांडायचा नाही असं चेअरमनसाहेबांनी बजावलं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मैदान मात्र फरशीसारखं टणक झालं होतं.

थोड्या वेळापूर्वी चढाईत सोनालीची पकड झाली होती. तिघींनी मिळून तिला आडवं केलं आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आदळली. आवाज मला ऐकू आला. पण ती उठली, धूळ झटकली आणि बाद झालेल्यांच्या रांगेत जाऊन बसली. कबड्डीत आपल्या संघानं गुण घेतला की बाद झालेली मुलगी परत आत येते. संघानं गुण घेतला, तिची पाळी आली, ती आत आली. ती कशी आहे हे बघायला मधे कुणी थांबलंच नाही.

तिचे कोच कदम सर धावत आले. "ऊन लागलंय मॅडम. सकाळपासून उन्हात हाय ती. कांदा हुंगायला देऊ अन् उतरवू."

अंग गरम नव्हतं. केसांत बोटं घातली तर मागे टेंगूळ लागलं. मी तिला सावलीत बसवलं. डोकं दुखतं का, विचारलं.

"न्हाई. मी बरी हाय. मला खेळायचंय."

तेवढ्यात तिचे वडील विष्णू पहिल्या रांगेतून उठून पुढे आले. आमच्याच कारखान्याच्या टोळीत ते ऊस तोडायचे. हंगामात मुलगी शाळेच्या वसतिगृहात राहायची. तोडीचा खाडा करून ते पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आले होते. सोनालीचा चेहरा खुलला.

"अण्णा, कवा आले तुमी?"

"सकाळीच की. जेवलीस की माझ्यासंगं."

ती हसली. जरा वेळानं परत म्हणाली, "अण्णा, कवा आले तुमी?" विष्णू माझ्याकडे बघून ओशाळं हसले. तिसऱ्यांदा तिनं तेच विचारलं तेव्हा त्यांना हसता आलं नाही.

चेअरमनसाहेब स्टेजवरून उतरून आले. "डॉक्टरीणबाई, ती चालतेय, बोलतेय. सेकंड हाफला उतरवा. फायनल आहे, पाहुणे बसलेत."

"साहेब, याला कन्कशन म्हणतात. मेंदूला हादरा बसतो. रक्त दिसत नाही, माणूस बेशुद्ध पडतोच असं नाही. तो हादरा जिरायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन मूल जाऊ शकतं."

"अन् काही नसलं तर?"

"तर तुमची फायनल गेली."

मी ठाम बोलत होते, पण खात्री नव्हती. दवाखान्यात माझ्याकडे स्टेथोस्कोप आणि टॉर्च होता. आत रक्तस्राव होतोय का, हे त्यानं कळत नाही. ते बघायला बीडला सीटी स्कॅन करावा लागणार होता, आणि कारखान्याची जीप साहेबांच्या शब्दाशिवाय हलत नव्हती.

विष्णूंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "साहेब, तुमच्या शब्दाला आमी कदी न्हाई म्हणलो न्हाई. पर पोरगी मला वळखती अन् इसरती. गाडी द्या."

साहेबांनी सोनालीकडे बघितलं. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

वाटेत जीपमध्ये तिला दोनदा उलटी झाली. तेवढा रस्ता मला कधीच इतका लांब वाटला नव्हता. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. पण कन्कशन बऱ्याचदा स्कॅनमध्ये दिसतच नाही, म्हणून स्कॅन चांगला आला तरी खेळ बंद. आधी विश्रांती, मग शाळा, मग चालणं, मग पळणं आणि सगळ्यात शेवटी पकड. मधे डोकं दुखलं की एक पायरी मागे. सोनालीचा संघ फायनल हरला. कदम सर माझ्याशी कित्येक दिवस बोलले नाहीत.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि विष्णूंची टोळी गावी परतली. परीक्षेसाठी वसतिगृहात राहिलेली सोनाली त्यानंतर तपासून घ्यायला आली. डोकेदुखी गेली होती. तिला पळायची परवानगी दिली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मॅडम, अण्णा खरंच आलते का मॅचला? पोरी म्हणत्यात, आलते."

"आले होते. पहिल्या रांगेत बसले होते."

"मला कायबी आठवत न्हाई," ती म्हणाली आणि रडू लागली. मलाही आवरलं नाही.

ती पुढच्या वर्षी परत खेळली. तेव्हा विष्णू दुसऱ्या कारखान्यावर, लांब होते.

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला मी आता 'बरं वाटतंय का' असं विचारत नाही. त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, आज तुझी मॅच बघायला कोण आलंय? उत्तर चुकलं की मी गाडी मागवते.