एकतीस जणांचा एक तारा

पाटोद्यात माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं कटलरीचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर बसून आम्ही दोघींनी आमची पहिली वेबसाइट बनवली. मराठी पॉडकास्टची. कोणता भाग ऐकून झाला त्याची नोंद ठेवायची आणि एक ते पाच तारे द्यायचे. सगळं व्हिडिओ बघून शिकलेलं. डोक्यात हवा मात्र अशी गेलेली की, पुण्याच्या कंपन्या आता आपल्याच दारात उभ्या राहणार.

तारे चालतात का ते बघायला एखादा पॉडकास्ट लागणार होता. नावाजलेल्यांना हात लावायची आमची छाती नव्हती. आमच्या साइटच्या यादीत आष्टीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा पॉडकास्ट होता. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी त्यांच्या वर्गातली मुलं. एकेका भागात एकेक मूल. "ह्यांच्यावरच करू, आपल्याच हायत," मैत्रीण म्हणाली. आमच्याकडे हे असंच चालतं. पाहुण्यांना चांगला कप, कान तुटलेला घरच्यांना. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मोबाइलवर पहिला तारा सोडून पुढचा एकही दाबला जात नव्हता. खोटी खाती काढत, भाग ऐकून झाल्याची खूण करत आम्ही एकतीस वेळा दाबून पाहिलं. शेवटी चूक सापडली, पाचही तारे पिवळे झाले, आणि त्या आनंदाच्या भरात आम्ही साइट सगळ्यांसाठी खुली केली. दिसेल त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. चाचणीचं पुसायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

चौथ्या दिवशी साइटवरच्या नंबरवर त्या बाईंचाच फोन आला. मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "त्या एकतीस जणांचे नंबर मिळतील का? माझीच पोरं हायत ती."

फोनवर खरं सांगायची हिंमत झाली नाही; उद्या येऊन भेटतो, एवढंच म्हणाले. मैत्रिणीला सांगितलं. "का पुसलं न्हाईस गं?" ती माझ्यावर ओरडली, मी तिच्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही आष्टी गाठलं.

बाईंनी पोहे केले होते. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या. "एकतीस जणांनी शेवटपर्यंत ऐकलंय, तिथं तसं लिहिलंय. आता बाहेरचं कोण माझं ऐकल? अन् एकच तारा का दिला, ते बी कळलं मला. मी लई मारायची. उसातून परत आली की पाढे विसरलेली असायची, अन् मी छडी काढायची. पोरांनी ध्यानात ठेवलंय." त्या मुलांची माफी मागणारा भाग त्यांनी रेकॉर्डही करून ठेवला होता. नंबर मिळाले की एकेकाला स्वतः पाठवणार होत्या.

मी तशी तापट. चिडले की समोरच्याला धरते. त्या दिवशी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. "बाई," मी म्हणाले, "ते तारे आमीच दिलेत. बटण चालतंय का ते बघायला. ऐकून झालं, हे बी आमीच दाबलंय. ती तुमची पोरं न्हाईत."

बाईंनी विचारलं, "एक बी न्हाई?"

"न्हाई."

"अन् तुमी? तुमी तरी ऐकलं का?"

"न्हाई," मी पुन्हा म्हणाले. पॉडकास्टची वेबसाइट काढणाऱ्या आम्ही, त्यांचा एक मिनिटही आवाज ऐकला नव्हता. लाज वाटली, खूप वाटली.

मैत्रीण रडत म्हणाली, "बाई, आत्ताच पुसतो सगळं. तुमी ती माफी कुठं टाकू नका. कुणी मागितलेलीच न्हाई ती."

"तारे पुसा," बाई म्हणाल्या. "पोरांना मारलं, ते काय खोटं हाय व्हय?"

त्यांनी आमच्या बशा बाजूला सारल्या आणि आपला मोबाइल आम्हा दोघींच्या मध्ये ठेवला. "ह्यो माफीचा भाग तुमीच चढवायचा. पण आधी ऐका."