गळालेलं नाव

वर्तमानपत्राच्या त्या इमारतीत कानसेनांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ऐन तिशीत नजर हळूहळू गेली आणि तिने सोडलेला कारभार कानांनी हातात घेतला. जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतंय, एवढंच नव्हे तर आज त्याचं घरी वाजलंय की नाही, हेही ते माणूस दारात यायच्या आधी सांगत. निम्मं बरोबर निघे. चुकलेलं निम्मं लोक विसरून जात, आणि नाव मात्र पक्कं झालं.

काम होतं फोनवर निधनाच्या जाहिराती घेण्याचं. तळमजल्यावर, कागदाच्या रिळांच्या गोदामाला लागून त्यांची खोली. तिथे एक टेबल, एक फोन, एक कॉम्प्युटर आणि कधीच धड न लागणारी एक खिडकी. कुणाकडे माणूस गेलं की रडून घसा बसलेला मुलगा नाहीतर कोरड्या आवाजाचा जावई फोन करी, आणि कानसेन टाइप करत जात. कोण गेलं, कितव्या वर्षी गेलं, अंत्यविधी कुठे आणि पश्चात कोण कोण. या शेवटच्या ओळीवर त्यांचा फार जीव. “गेलेल्याला पेपर वाचायचा नसतो,” ते म्हणत, “ही जाहिरात मागे राहिलेल्यांची असते. त्यातलं एक नाव गाळा, सात पिढ्या बोलणार नाहीत एकमेकांशी.”

पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यांच्या कॉम्प्युटरवर होता. त्यातल्या बाईच्या आवाजाला ते मैना म्हणत. फोन चालू असताना एका कानात माणूस आणि दुसऱ्या कानात मैना असा गोंधळ नको म्हणून ते तिला गप्प करून टाइप करत. शेवटी सगळा मजकूर पलीकडच्याला परत म्हणून दाखवत, तोही पडद्यावरून नव्हे, डोक्यातून. तेरा नातवंडं असली तरी ओळीने तेरा. दुःखातली माणसंसुद्धा क्षणभर थक्क होत, आणि कानसेनांना ते आवडे. खोटं कशाला बोला.

पूर्वी फोन ठेवल्यावर ते मैनेकडून सगळं एकदा ऐकून घेत. वर्षामागून वर्षं गेली, चूक म्हणून सापडेना. मग ते ऐकणं सुटलं.

आणि एका सकाळी कॉम्प्युटरवर अपडेट आलं. जाहिरातींचे फॉर्म ज्यात उघडत त्या प्रोग्रॅमचं, म्हणजे नेहमीचंच. मैना वाचत गेली, “पुढे”, आणि कानसेन बटण दाबत गेले. मधल्या एका पानावर खाली कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता, आणि त्यात आधीच टिक करून ठेवली होती. सोबत ‘खरेदी-सोबती’ नावाचा दुसराही प्रोग्रॅम घेतो, अशी तुमच्या वतीने दिलेली संमती. डोळस माणूसही तो चौकोन बघत नाही, बघू नये म्हणूनच तो तिथे असतो. पण डोळस माणसाला निदान बघण्याची मुभा असते. बनवणाऱ्यांनी ते सगळं चित्र म्हणून चिकटवलं होतं आणि मैनेला चित्र वाचता येत नाही. ती त्याच्यावरून उडी मारून पुन्हा म्हणाली, “पुढे.” कानसेनांनी दाबलं. न मागता दिलेलं आणि न विचारता घेतलेलं, असा हा व्यवहार झाला, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. हा सोबती दिवसातून कितीदा तरी कोपऱ्यात एक खिडकी उघडी, काय हवंय म्हणून विचारी, आणि थोड्या वेळाने आपणच मिटून जाई. ती उघडी असेपर्यंत टाइप केलेलं सगळं तिच्या पोटात जायचं, फॉर्मपर्यंत पोचायचंच नाही. आवाज काही नाही. बोटांना काय कळणार?

त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या मुलाचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण सांगणं नीट होतं. पश्चात कोण, असं विचारल्यावर तो म्हणाला, “आधी माझ्या बहिणीचं नाव लिहा. शेवटी तिनेच केलं सगळं त्यांचं. माझं नंतर घ्या.” कानसेनांनी बहिणीचं नाव टाइप केलं, मग त्याचं, सुनेचं, नातवाचं. सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. मुलगा म्हणाला, “बरोबर आहे,” आणि फोन ठेवला.

जाहिरात छापून आली त्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला.

“मला एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “काल माझ्या वडिलांची जाहिरात दिली भावाने. त्यात माझं नाव नाही. त्याने सांगितलं होतं की नाही?”

मधल्या दिवसात शेकड्याने नावं कानांवरून गेली असतील असं नव्हे, पण दहा-बारा घरची माणसं गेली होती. एक घर आठवावं म्हणून कानसेन थांबले असते तर कदाचित आठवलंही असतं. थांबले नाहीत. त्यांच्या हातून नाव गळलं असेल अशी नुसती शंकाच त्यांना झोंबली.

“ताई,” ते म्हणाले, “इतकी वर्षं मी हे काम करतोय. सांगितलेलं नाव माझ्याकडून गळत नाही. छापलं नसेल, तर सांगितलं नव्हतं.”

“नक्की?”

“अगदी नक्की. लिहून घ्या हवं तर.”

 ती हळूच “बरं” म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते ऐकायला इमारतीतले सगळ्यात चांगले कान तिथेच होते, पण ते त्या वेळी स्वतःचंच ऐकत होते.

पुढच्या चार-पाच दिवसांत आणखी तक्रारी आल्या. कुणाची अंत्यविधीची वेळ गळली, कुणाच्या जावयाचं नाव गळलं. जाहिरातप्रमुखांनी कॉम्प्युटर विभागातल्या माणसाला खाली पाठवलं. हा जाडजूड, सतत पेपरमिंट चघळणारा गृहस्थ शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “तुम्ही नेहमीसारखं टाइप करा, मी नुसता बघतो.”

कानसेन टाइप करू लागले. थोड्या वेळाने पेपरमिंटचा आवाज थांबला.

“थांबा. तुमचं आत्ताचं सगळं दुसरीकडेच चाललंय,” तो म्हणाला. “ही खरेदीची खिडकी कुणी बसवली इथे?”

“कसली खिडकी?”

त्याने समजावून सांगितलं. मग खिडकीत आधी अडकलेलं तो वाचू लागला. एक पत्ता, कुणाची तरी दोन नातवंडं, आणि एका बाईचं नाव. “त्याच्याखाली लिहिलंय,” तो हसत म्हणाला, “या नावाची कोणतीही वस्तू सापडली नाही. त्याऐवजी हे पाहा, उशांचे अभ्रे.”

तो हसला यात त्याचा दोष नव्हता. पण ते नाव ऐकताच कानसेनांना तो थकलेला आवाज जसाच्या तसा ऐकू आला. आधी माझ्या बहिणीचं नाव लिहा. त्यांचे हात टेबलावर होते तसेच राहिले.

सोबतीला काढून टाकायला पाच मिनिटंही लागली नाहीत. “किरकोळ होतं,” असं म्हणून तो माणूस वर निघून गेला. जाहिरातप्रमुखही तेच म्हणाले. “जाऊ द्या हो. आता कुणाला फोनबिन करत बसू नका. चूक कबूल केली की दहा जण दारात उभे राहतील. आणि वर सगळे म्हणतीलच, या कामाला डोळस माणूस का नाही बसवत. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.”

घरी बायकोने ताट वाढलं, तिला घास मोडण्यावरूनच कळलं. तिने खोदून खोदून विचारलं आणि त्यांनी सांगितलं.

“मशीनचं झालं, ते झालं,” ती म्हणाली. “पण त्या पोरीला एवढं ठासून कशाला सांगायचं? ‘बघून सांगतो’ म्हणाला असतात तर जीभ झिजली असती?”

“अगं, मला खात्री होती.”

“तेच म्हणतेय मी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.” मग त्यांचा चेहरा बघून ती नरमली. “फोन करा. नोकरी गेली तर बघू आपण. पण हे असं घेऊन झोपू नका.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी आधी मुलाला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. अपडेट, चौकोन, खिडकी. 

“बहीण आली होती घरी,” मुलगा म्हणाला. “दारातच उभी राहिली. मी म्हटलं, अगं, तुझंच नाव आधी सांगितलं होतं. तर म्हणाली, पेपरवाल्याने स्वतः सांगितलंय, खोटं बोलू नकोस. मी शपथ घेतली तरी ऐकेना. घरात बाबा गेलेले, मी तीन दिवस झोपलो नव्हतो. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हो, मीच गाळलं, आणि पुन्हा वेळ आली तरी गाळीन.” त्याने आवाज खाली आणला. “आणखीही बोललो. ते काही तुमच्या मशीनने बोलायला लावलं नव्हतं.”

“मी त्यांना फोन करतो. चूक माझी आहे असं सांगतो. दुरुस्तीही छापून आणतो, काय व्हायचं ते होऊ दे.”

“छापू नका. लोकांना तमाशा होईल. तिचा नंबर देतो, तिला सांगून बघा. माझा फोन ती उचलत नाही.”

कानसेनांनी बहिणीला फोन लावला तेव्हा बायको शेजारीच बसली होती.  वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, पण तिचा आवाज ऐकल्याबरोबर ती विस्कटली. ते अडखळत बोलत राहिले. अपडेटमधून आलेला प्रोग्रॅम, त्याचा न वाचता आलेला चौकोन, मध्येच उघडणारी खिडकी, आणि तिचं नाव, जे भावाने स्वतःच्याही आधी सांगितलं होतं. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच जाणवत होतं की हे सगळं रचलेलं वाटतंय. खरेदीच्या प्रोग्रॅमने मुलीचं नाव खाल्लं, असं कोण कुणाला सांगतं?

तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांचं संपल्यावर विचारलं, “भावाने फोन करायला सांगितला ना?”

“त्यांच्याशी बोललो मी, पण आपण होऊन...”

“राहू द्या. तुम्ही म्हातारे आहात, तुम्हाला त्रास देत नाही मी,” ती म्हणाली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आणखी एक वाक्य सांगितलं आणि फोन ठेवला.

कानसेन रिसीव्हर हातात धरून बसून राहिले. बायकोने तो काढून घेऊन जागेवर ठेवला.

“काय म्हणाली?”



“म्हणाली, त्या दिवशी तुमचा आवाज खरा होता.”