जोर कुठं द्यायचा

भवानी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांचं औषधाचं दुकान आहे. लांबलचक इंग्रजी शब्द कुणी चुकीचा म्हटला, की त्यांना राहवत नाही. मी एकदा 'फिजोथेरपी' म्हणालो, तर गोळ्या हातात तशाच धरून ते म्हणाले, "फि-झि-ओ-थे-र-पी. जोर 'थे'वर द्या की!" 'थे' आला तेव्हा काउंटरच्या काचेवर बोट आपटलं. मी नीट म्हटल्यावरच गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांचे उच्चारसुद्धा ते फोनवर सुधारतात.

परवा सांगोल्याकडची एक बाई नवऱ्याचा तपासणीचा कागद घेऊन आली.

"दादा, ह्यो लांबडा शब्द काय हाय? वाचा की."

मी मागून डोकावलो. शेवटी 'कार्सिनोमा' होतं, म्हणजे कॅन्सर, एवढं मलाही कळलं. आता बोट आपटणार, म्हणून मी धास्तावलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला आणि त्याची घडी घातली.

"मावशी, हे इंग्रजी मला वाचता येत न्हाई. चला, डॉक्टरांकडंच जाऊ."

"दुकान एवढं मोठं, अन् इंग्रजी येत न्हाई व्हय?" बाई हसली.

"न्हाई ना," म्हणत त्यांनी भर दुपारी शटर ओढलं आणि ते तिच्याबरोबर निघाले.