डबे परत येऊ देऊ नको

आमच्या कारखान्यात आंब्याचा रस टिकावा म्हणून डब्यात भरून झाकण पक्के बसवतात. किश्शांना तेवढे जपावे लागत नाही. ते उघड्यावर राहतात, आणि सांगणारा बदलला की थोडे फुगतात. मी स्वतः किस्से सांगणाऱ्यांतला नव्हे. बोलणे मोजके असावे, असे माझे मत आहे. परंतु आमची परदेशवारी गावात इतक्या तोंडांनी सांगितली जाते, की निदान एकदा ती घडली तशी सांगावी.

ऐंशीनंतरची ती वर्षे. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत तात्यांचा रस डबाबंद करण्याचा कारखाना होता आणि मी तिथला व्यवस्थापक. मुंबईच्या व्यापाऱ्याने ऐन वेळी हात वर केल्यामुळे सबंध हंगामाचा माल गोदामात पडून होता. तो हलला नाही तर पुढच्या वैशाखात कारखान्याचा भोंगा वाजणार नव्हता. आंबे कापायला येणाऱ्या बाया फाटकाशी थांबून विचारत, "अण्णा, औंदा कारखाना चालू व्हनार ना?" मी "देव जाणे" म्हणत असे. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते.

पश्चिम जर्मनीत हॅम्बुर्गला एक खरेदीदार भेटायला तयार झाला. तात्या, मी आणि इंग्रजी बोलू शकणारा तात्यांचा भाचा सुधीर, असे तिघे जायचे ठरले.

* * *

निघण्यापूर्वी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले. गुरवांचा आवाज सभामंडपात घुमत होता.

"बा देवा महाराजा, ही तुझी लेकरं सातासमुद्रापलीकडं निघालीत. वाटेत काय इडापीडा आसंल ती दूर कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही म्हणालो.

"मानसं न्हेशील तशी परत आन, आनि डबे मात्र परत येऊ देऊ नको रे महाराजा!"

"होय महाराजा!" तात्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. गुरवांनी अंगाऱ्याची पुडी माझ्याकडे दिली. ती मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

* * *

एसटी स्टँडवर तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, निरोप द्यायला आल्या होत्या. गाडी सुरू झाली. सुधीर खिडकीतून ओरडला, "मामी, जातो!"

काकूंनी गाडीवर थाप मारून ती थांबवली. खरोखर थांबवली! कंडक्टर दारातून वाकून पाहू लागला.

"जातो काय म्हणतोस रे मेल्या? येतो म्हण!"

"येतो, मामी."

"कुठंही गेलास तरी निघताना येतोच म्हणायचं. परक्या मुलखात तर जास्तच. कळलं?"

"कळलं, मामी."

"हं. आता जा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

* * *

विमान सुटण्याआधी कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून बराच वेळ काही सांगितले. आवाज गंभीर होता आणि शब्द कळत नव्हते. तात्यांनी डोळे मिटून हात जोडले. कप्तान थांबताच ते खणखणीत म्हणाले, "होय महाराजा!"

मी शरमलो. तेवढ्यात मागच्या रांगेतूनही कोणी तरी म्हणाले, "होय महाराजा!"

बोटीवर कामाला निघालेले सावर्ड्याचे एक गृहस्थ होते.

* * *

हॅम्बुर्गच्या विमानतळावर आमच्या कपड्यांच्या पेट्या आल्या. नमुन्याच्या डब्यांची पेटी आली नाही. ती कुठल्या देशात उतरली, हे तिथल्या कोणालाही सांगता येईना. फिरता पट्टा रिकामा फिरत राहिला आणि तात्या त्याकडे पाहत राहिले.

"अण्णा," ते शेवटी म्हणाले, "परत येऊ देऊ नको असं सांगितलं होतं. पोचू देऊ नको असं कुठं म्हटलं होतं?"

देवापुढे बोलतानाही शब्द नीट निवडावेत, हे मी तेव्हा मनाशी नोंदवले.

पुढे जकात अधिकाऱ्याने माझे खिसे रिकामे करायला लावले. पुडी उघडून त्याने राखाडी भुकटीकडे पाहिले, मग आमच्याकडे.

"हे काय?"

"ॲश," सुधीर म्हणाला. राख.

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. "कोणाची?"

सुधीर गडबडला. "गॉड्स," तो म्हणाला. देवाची.

अधिकाऱ्याने पुडीची होती तशी घडी घातली, ती दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि मान लववून तो हळू आवाजात दोन शब्द बोलला.

"काय म्हणतोय?" तात्यांनी विचारले.

"मामा, त्याला वाईट वाटलं म्हणतोय. आपलं कोणी तरी गेलंय असं समजला तो."

तात्या चकित झाले. "आपले डबे गेले हे ह्याला कसं कळलं?"

* * *

मी अंडेही खात नाही. हॉटेलात सुधीरने माझ्यासाठी बजावून सांगितले, "नो मीट." वाढपी समजल्यासारखा हसला आणि माझ्यापुढे मासा ठेवून गेला. तिकडे मासा मांसात मोडत नाही, असे कळले!

मी ताट दूर सारले. तात्यांनी ते जवळ ओढून पारखले. "बांगड्याच्या भावकीतला दिसतो," ते म्हणाले. "जरा कच्चा राहिलाय मेला, पण जात चांगली आहे." माझा मासाही त्यांनी संपवला. मी बटाट्यावर राहिलो.

दुसऱ्या दिवशी वाढपी टेबलाशी आला. तात्या सुधीरच्या कानाशी लागले. "अण्णांसाठी कालचंच सांग रे. नो मीट!"

* * *

आता भेटीचे सांगतो. सकाळची वेळ ठरली होती. पेटीचा अद्याप पत्ता नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला परतीचे विमान गाठायचे होते.

खरेदीचे साहेब उंच, वयस्क आणि शिस्तीचे गृहस्थ होते. टेबलावर एक कागदही वाकडा नव्हता. मला ते आवडले. सुधीरने बागेचा रंगीत फोटो पुढे ठेवला. माल कसा स्वच्छ तयार होतो ते मी सांगितले आणि सुधीरने त्याचे इंग्रजी केले. साहेबांनी सर्व ऐकून घेतले आणि फोटो परत केला.

"चित्राला चव नसते," ते म्हणाले. "नमुना नाही, तर मी काय बोलणार?"

त्यात अन्याय काहीच नव्हता. तात्यांनी उठून हात जोडले. त्यांच्या डोळ्यांपुढे फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बाया असाव्यात, माझ्या तर होत्या. सुधीर दाराशी वळला. मामीची शिकवण तो विसरला नव्हता. त्याने आदराने मान झुकवली आणि शुद्ध इंग्रजीत सांगितले, "ओके सर, वी कम."

साहेबांनी मान हलवली. आम्ही हॉटेलवर आलो.

दुपारी पेटी आली! विमान कंपनीचा माणूस ती दारात ठेवून सही घेऊन गेला. एकाही डब्याला पोचा नव्हता. तात्या पेटीजवळ जमिनीवरच बसले.

"आता काय उपयोग, मामा," सुधीर म्हणाला. "इथं ठरवल्याशिवाय कोणी भेटत नाही. दिलेली वेळ संपली."

मी खिडकीशी उभा राहून नामस्मरण करू लागलो. दुसरे काही माझ्या हाती नव्हते.

संध्याकाळी खोलीतला फोन वाजला. सुधीरने घेतला, आणि तो उभ्या उभ्या ताठ झाला. "यस सर... सॉरी सर... यस सर, कमिंग!" त्याने फोन ठेवला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"कोण रे?"

"ते साहेब. आपण येतो म्हणालो म्हणून दुपारपासून वाट बघत बसलेत. कचेरी सुटली, सगळे घरी गेले. विचारतायत, तुमच्याकडे येतो म्हटल्यावर किती वेळानं येतात?"

उच्चारलेला शब्द पाळावा, हे मला लहानपणापासून शिकवले गेले. निरोपाचा शब्द त्यात मोडतो की नाही, हे कोणी सांगितले नव्हते. तात्यांना असला प्रश्न पडला नाही. त्यांनी पेटी उचलली होती.

"मग बघतोस काय? येतो म्हटलंय ना? चल!"

साहेब खरोखर एकटेच बसले होते. टेबलावर आमच्यासाठी तीन कप मांडून ठेवलेले, कॉफी केव्हाच निवलेली. चेहरा कठोर होता. त्यांनी डबा फोडला आणि चमचा बुडवला. खोलीभर आंब्याचा वास पसरला. ते थांबले. दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. कठोर माणसाला लहान मुलासारखा चमचा चाटताना मी त्या दिवशी पाहिले.

"गोदामात आहे तेवढा सगळा पाठवा," ते म्हणाले. "आणि पुढच्या हंगामाचा दुसऱ्या कोणाला देऊ नका."

तात्यांनी सुधीरकडून ते वाक्य दोनदा समजून घेतले. नंतर हात जोडले. साहेबांना की वर, ते मी विचारले नाही. माझ्या छातीवरून एवढे ओझे उतरले, की मी ती निवलेली कॉफी एका घोटात प्यायलो. मी कॉफी घेत नाही.

उरलेले डबे साहेबांच्या टेबलावर ठेवून आम्ही निघालो. दाराशी सुधीर थबकला. सकाळचा घोळ त्याच्या डोक्यात होता. साहेबांना पुन्हा ताटकळत ठेवण्याची त्याची छाती नव्हती. त्याने घसा साफ केला आणि एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला, "थँक यू सर. नाउ वी गो."

इंग्रजी न येणाऱ्या तात्यांनी त्याचा दंड पकडला आणि त्याला जागच्या जागी वळवले.

"गो काय म्हणतोस रे मेल्या? कम म्हण!"